ट्रकांनी आणलेलं वऱ्हाड

आमच्या घरात ट्रक ड्रायव्हरला शिवी द्यायची नाही, असा नियम आहे. तो मीच केलेला आहे आणि मी आहे तोवर तो चालणार. मध्यंतरी भाच्याच्या गाडीतून शिवपुरीला निघाले होते. पुढचा ट्रक बाजू देईना, तेव्हा भाचा तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला. मी त्याला गाडी कडेला घ्यायला लावली आणि सांगितलं, ज्यांच्यामुळे तू जन्माला आलास त्यांना असं बोलू नये. त्याला वाटलं, मावशीचं आता वय झालं. वय झालंय हे खरंच, पण मी म्हणाले तेही खरं होतं. त्याच्या आईचं, म्हणजे माझ्या ताईचं लग्न ट्रकवाल्यांनी लावलं. भटजी होते, पण मंत्रांपुरते.

नवं राज्य झालं त्यानंतरचा तो पहिलाच उन्हाळा. संस्थान विलीन झालं तेव्हा आम्ही ग्वाल्हेरकर म्हणालो, ठीक आहे, राजधानी तर आपल्याकडे आहे. मग मध्यभारत झाला आणि अर्ध्या वर्षाची राजधानी इंदूरकरांना द्यावी लागली. तेही गिळलं. मग मध्यप्रदेश झाला आणि उरलेली अर्धीही भोपाळला गेली. त्या वर्षी कोणाच्याही घरी जा, चहाबरोबर हेच दुःख पुढे यायचं. कचेऱ्यांसमोर रोज ट्रक लागायचे. कपाटं, टेबलं, फायलींचे गठ्ठे भरून ते भोपाळची वाट धरायचे आणि येताना गुन्याचं धान्य, शिवपुरीच्या जंगलातला माल घेऊन परतायचे. बाबा महसूल खात्यात होते. पेन्शन जवळ आली म्हणून त्यांना इथेच राहू दिलं, पण त्यांचं टेबल गेलं. कंपू या कचेऱ्यांच्या भागात कोपऱ्यावर उभं राहून त्यांनी ते जाताना पाहिलं आणि घरी येऊन एवढंच म्हणाले की त्या ट्रकवाल्याला धड दोरीसुद्धा बांधता येत नाही. ट्रकवाल्यांबद्दल बाबांचं मत तेव्हा इतपतच होतं.

ताईचं लग्न याआधी एकदा ठरलेलं होतं. मुलगा फौजी घराण्यातला, उंच, देखणा, बाबांना अगदी पसंत. तेवढ्यात विलीनीकरण आलं, संस्थानची फौज गेली, मुलाच्या नोकरीचं काय होणार ते कळेना. त्याच्या वडिलांचा निरोप आला की सध्या जरा पुढे ढकलू. ते पुढे ढकललेलं लग्न पुढेच राहिलं. नंतर कधीतरी कानावर आलं की मुलाचं पुण्याकडे झालंसुद्धा.

तेव्हापासून ‘पुढे ढकलू’ हे शब्द आमच्या घरात अशुभ झाले. साधा सिनेमाचा बेत पुढे गेला तरी आई चोरून ताईकडे बघायची. रस्त्यानं वरात चालली की कोणीतरी उठून खिडकी लावायचं. ताई यावर काही बोलत नसे. ती मुलींच्या शाळेत शिकवायची, घरी येऊन वह्या तपासायची आणि आमच्या लांबट चेहऱ्यांकडे मास्तरणीच्या नजरेनं पाहायची. वर्षं अशी गेली आणि ताईचं वय लोकांच्या बोलण्यात यायला लागलं.

अशात गुन्याचं स्थळ आलं. मुलाला वडील नव्हते. मामांनी वाढवलेला, शिकवलेला. मामा तिथले नामांकित वकील. मुलगा कलेक्टर कचेरीत होता, नव्या राज्यात त्याची बदली भोपाळला झाली होती. तो आईबरोबर ताईला पाहायला आला तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर स्वतःची बशी उचलून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत घेऊन आला आणि तिथे ताईला म्हणाला, कुठे ठेवू? आमच्या घरात पुरुषानं बशी उचललेली मी पहिल्यांदाच पाहिली. ताई त्या रात्री वह्या तपासताना गुणगुणत होती. याचा अर्थ लावायची अक्कल त्या घरात फक्त मला होती, पण मला कोण विचारतो.

पुढचं सगळं मामांनी पत्रानं ठरवलं. कोर्टातून सवड नाही म्हणून ते स्वतः आले नाहीत. नव्या साहेबाकडून मुलाला रजाही बेताची मिळाली. म्हणून असं ठरलं की वऱ्हाडानं गुन्याहून बस करून पहाटेच निघायचं, दुपारपर्यंत लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरातल्या आमच्या वस्तीत पोचायचं, आणि संध्याकाळी गोरज मुहूर्तावर लग्न लावायचं. त्या मोसमातला शेवटचा चांगला मुहूर्त होता तो. पुढे चातुर्मास लागायचा.

त्या दिवशी दौलतगंजच्या आमच्या गल्लीत मांडव पडला होता. ताईला हळद लागली होती. दारात चौरंग, तांब्या, तबक मांडून आम्ही वऱ्हाडाची वाट पाहत होतो. गुलाबपाणी माझ्याकडे होतं आणि उन्हामुळे निम्मं मी स्वतःवरच शिंपडलं होतं. अकराच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी मोठा हॉर्न वाजला. बस आली म्हणून सगळे सरसावले. बघतो तर एक दणकट सरदारजी हातात कापडी बोचकं घेऊन चालत येतोय आणि त्याच्यामागे पदर सावरत नवऱ्या मुलाची आई.

बाईंनी दारातच हकीकत सांगितली. मोहना गाव ओलांडल्यावर बसचा एक्सल तुटला होता. ग्वाल्हेरला येणारी छोट्या लाईनची रेल्वेगाडी सकाळीच निघून गेलेली. सगळं वऱ्हाड रस्त्याकडेच्या महुव्याच्या, म्हणजे मोहाच्या झाडाखाली बसलं होतं. मग एक ट्रक आपणहून थांबला, त्याच्यामागचाही थांबला. माल भरलेला असल्यामुळे प्रत्येकाच्या केबिनमध्ये दोघातिघांचीच जागा. म्हणून ज्या ट्रकात जितकी माणसं मावतील तितकी पाठवायची असं चाललं होतं. नवरदेव कुठाय, असं बाबांनी विचारलं. बाई म्हणाल्या, तो म्हणतो, लग्न माझं आहे पण भूक यांना लागलीय. मी सगळ्यांत शेवटी येईन.

बाबांनी सरदारजीचे आभार मानले आणि मिठाईचा पुडा पुढे केला. त्यानं तो घेतला, पण हलला नाही. त्याला निरोप हवा होता.

ही त्या लोकांची रीत मला तेव्हा पहिल्यांदा कळली. रस्त्यात अडलेल्या माणसाला उचललं की नाक्यावर उतरवून मोकळं व्हायचं नाही. घरच्यांच्या हाती सोपवायचं. मग त्या माणसाच्या तोंडून मागे राहिलेल्यांसाठी निरोप घ्यायचा. तो निरोप चुंगीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर उलट दिशेच्या ट्रकवाल्याला द्यायचा, आणि त्यानं तो अडलेल्यांपर्यंत न्यायचा. त्या रस्त्यावर ना फोन ना तार. सरदारजी म्हणाला, पोचल्याची बातमी मागे गेली नाही तर मागचे लोक दुसऱ्या ट्रकात बसायला घाबरतात. आणि निरोप जसा दिला तसाच जायला हवा. एक शब्द इकडचा तिकडे करणं म्हणजे त्यांच्यात धान्यात खडे मिसळण्याइतकंच वाईट.

बाईंनी निरोप दिला आणि सरदारजीनं तो आमच्यासमोर म्हणून दाखवला. “पहुँच गई, पाय सुजलेत पण बरी आहे, और लाडू का डिब्बा गाडी में मत भूलना.” ‘पाय सुजलेत पण बरी आहे’ हे त्यानं इतक्या काळजीपूर्वक मराठीत म्हटलं की आमच्या गल्लीतली लष्करी मराठी त्यापुढे फिकी पडली. आमच्यात तोवर ‘पाय सूज गेलेत’ इथपर्यंत मजल गेली होती.

त्यानंतर वऱ्हाड असं हप्त्याहप्त्यानं येत राहिलं. दोन चुलत्या आल्या, त्यांच्या केसांत हरभऱ्याचा भुसा. एक काका आले, ते ट्रकच्या हादऱ्यांनी इतके खिळखिळे झाले होते की त्यांना आधी आडवं करावं लागलं. दर वेळी ड्रायव्हर दारापर्यंत यायचा, निरोप घ्यायचा, म्हणून दाखवायचा आणि जायचा. आई आत चुलत्यांची सरबराई करत होती. बाबा दारात पाय धुवायचं तबक घेऊन सज्ज होते, कारण अजून मुख्य माणूस यायचा होता. मुलाला वडील नसल्यामुळे व्याह्याचा मान मामांचा. सीमांतपूजन वेशीवर व्हायचं ते राहिलं, निदान दारात तरी मामांचा मान चुकू नये म्हणून बाबांनी सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं.

उन्हं ऐन डोक्यावर असताना गल्लीत एक असामी आली. सहा फूट उंची, पीळदार मिश्या, पांढरंशुभ्र धोतर, आणि डोक्यावर जरीचा लफ्फेदार फेटा. चाल अशी की कोर्ट जिंकून आलेत. आम्ही सगळेच उठलो. बाबा पुढे धावले, त्यांना चौरंगावर बसवलं आणि पायांवर पाणी घालायला लागले. ते गृहस्थ पाय मागे घेत होते, नाही नाही म्हणत होते. बाबांना वाटलं, काय विनय आहे. त्यांनी आणखी जोरात पाय धरले. पुसले, गंध लावलं, नारळ दिला, खांद्यावर शेला घातला. मी गुलाबपाणी शिंपडलं.

त्यांच्यामागून भिंतीचा आधार घेत एक बारीक चणीचे गृहस्थ आले होते. डोक्यावर ओला पंचा, चेहरा उन्हानं करपलेला. मी त्यांना सरबताचा पेला दिला आणि म्हणाले, “भैया, आप उधर बेंच पे बैठिए.” ते बसले नाहीत. त्यांनी पेला खाली ठेवला आणि शुद्ध, कोर्टात शोभेल अशा मराठीत म्हणाले, “मी वराचा मामा.”

नंतर सगळा उलगडा झाला. मामांना वाटेत ऊन लागलं. ड्रायव्हरनं त्यांच्या डोक्याला ओला पंचा बांधला. आता आदल्या दिवशी गुन्यात बांधून घेतलेला तो फेटा ठेवायचा कुठे? केबिनमध्ये सगळीकडे तेल आणि ग्रीस. मांडीवर ठेवला तर हादऱ्यानं मोडणार. त्या बिचाऱ्याला फेट्यासाठी एकच स्वच्छ जागा दिसली, ती म्हणजे स्वतःचं डोकं. मुरैन्याकडचा होता तो. पुढे सांगायचा की मला वाटलं, तुम्हा मराठे लोकांत गाडीवानाचं स्वागत असंच करत असतील, नाही म्हटलं तर राग येईल.

हसायला नंतर खूप दिवस मिळाले. त्या वेळी कोणी हसलं नाही. ड्रायव्हरनं दोन्ही हातांनी फेटा काढून मामांपुढे धरला. मामांनी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाबांनी हात जोडले, नवीन पाणी मागवलं, आई बाहेर आली, विहीणबाई आल्या. मामा म्हणाले की त्यांची कोणावर तक्रार नाही. सकाळी बस मोडली, दुपारी मान मोडला, नवरा मुलगा अजून रानात बसलाय आणि गोरज मुहूर्त काही आता साधत नाही. देवाच्या मनात नसेल तर माणसानं हट्ट करू नये. आणि मग तेच शब्द आले. “सध्या पुढे ढकलू.”

बाबांच्या हातातला तांब्या खाली आला. कचेरी गेली तेव्हा मी त्यांना पाहिलं होतं, टेबल गेलं तेव्हाही पाहिलं होतं, पण असा चेहरा कधी पाहिला नव्हता. आईनं डोळ्यांना पदर लावला.

मामांना उशीर नको होता. त्यांनी तिथेच ड्रायव्हरला निरोप सांगितला, भाच्यासाठी. वर्षानुवर्षं ज्यांच्या शब्दाबाहेर मुलगा गेला नव्हता त्यांचा तो निरोप होता. ड्रायव्हरच्या खांद्यावर अजून आमचा शेला होता. त्यानं मान खाली घालून ऐकलं आणि रीतीप्रमाणे म्हणून दाखवलं. “बेटा, वापस गुना चलो. यहाँ हमारा मान नहीं रहा. मुहूर्त फिर निकालेंगे.” बाबा त्याला म्हणाले की हा निरोप थोडा वेळ नेऊ नका. तो म्हणाला, साहेब, दिलेला निरोप मी धरून ठेवू शकत नाही. त्याचाही नाइलाज होता. तो जायला वळला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. ताई खाली आली. हळदीचं अंग, पिवळी साडी, हातात हिरवा चुडा. हळद लागल्यावर नवरीनं उंबरठा ओलांडायचा नसतो, तिनं तो ओलांडलाही नाही. उंबरठ्याच्या आत उभी राहून तिनं ड्रायव्हरला हाक मारली.

“भाईसाहब, मेरा भी एक संदेसा ले जाइए. उन्हीं के लिए.”

गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. आई पुटपुटली की अगं आत ये. ताई आत आली नाही. शाळेत शुद्धलेखन सांगावं तसं तिनं एकेक वाक्य थांबून थांबून सांगितलं. मामांसमोर, विहिणीसमोर, अख्ख्या दौलतगंजसमोर. ड्रायव्हर ऐकत होता. त्याचे ओठ हलत होते. पहिल्यांदा म्हणताना त्याचा एक शब्द चुकला, ताईनं सुधारला. दुसऱ्यांदाही तिला पसंत पडलं नाही. तिसऱ्यांदा त्या सहा फुटी, मिशाळ माणसानं गल्लीच्या मध्यभागी उभं राहून घोगऱ्या आवाजात म्हटलं, “मेरा ब्याह एक बार टल चुका है. तब मैं चुप रही थी. अब चुप नहीं रहूँगी. मुहूर्त टले तो टले, मैं यहीं बैठी हूँ. आप आइए.”

मग त्यानं विचारलं की दोन निरोप झाले, दोन वेगळी तोंडं आहेत त्यांना, मी कोणता नेऊ? उत्तरही त्यानंच दिलं. दोन्ही जातील, ज्या क्रमानं दिले त्या क्रमानं. निवड ऐकणाऱ्यानं करायची. फेटा बेंचवर ठेवून, शेल्याची घडी त्यावर ठेवून तो नाक्याकडे गेला.

नंतर जे बसणं झालं ते मला अजून आठवतं. ताई उंबरठ्याच्या आत, चौकटीशीच बसली. तिला कोणी आत नेऊ शकलं नाही. मामा बेंचवर पाठ फिरवून बसले. आमच्या घरचं पाणी त्यांनी घेतलं नाही. विहीणबाई मधे कुठेतरी बसल्या, धड ना इकडे ना तिकडे. बाबा फेऱ्या घालत होते. भटजी दर थोड्या वेळानं आभाळाकडे पाहायचे आणि मग पंचांगाकडे, जणू दोघांत काही तडजोड होते का पाहावी. उरलेलं वऱ्हाड येतच होतं, पण दोन्ही निरोप पोचण्याआधी निघालेलं. नवरदेव तिथेच आहेत एवढंच ते सांगायचे. मग तेही यायचं थांबलं.

गाई परतल्या. आमच्या गल्लीत गाई म्हणजे दोनच, एक हलवायाची आणि एक कोणाचीच नाही, पण त्यांनीसुद्धा धूळ उडवली. गोरज मुहूर्त आला आणि गेला. बँडवाले मांडवाच्या दांडीला टेकून बसले. मला ताईकडे बघवेना. ती मात्र पाठ ताठ ठेवून बसली होती. परीक्षेच्या हॉलवर देखरेख करतात तशी.

तिकडे काय झालं ते भावजी, म्हणजे हेच नवरदेव, पुढे आयुष्यभर रंगवून सांगायचे. निरोप घेऊन गेला तो ट्रक भोपाळला जाणारा होता, सरकारी कपाटांनी खचाखच भरलेला. बाबांच्याच खात्याची कपाटं होती म्हणे. महुव्याखाली आता भावजी, एक आतेभाऊ आणि बसचा ड्रायव्हर एवढेच उरले होते. ट्रकवाला खाली उतरला, आग्र्याकडचा दाढीवाला मुसलमान, आणि विचारलं, दूल्हा कोण? भावजी उभे राहिले. त्यानं मामांचा निरोप दिला. भावजींनी मान खाली घातली. मामांचा शब्द म्हणजे शब्द. गुन्याकडे तोंड केलेला ट्रक समोर उभाच होता, चढायचं फक्त बाकी होतं. तेवढ्यात तो म्हणाला, ठहरिए मियाँ, अभी एक और है. आणि त्यानं ताईचा निरोप म्हटला. ताईचाच, तिच्याच शब्दांत, ‘चुप नहीं रहूँगी’ हेसुद्धा जसंच्या तसं, दाढी असो वा नसो.

भावजींनी तो पुन्हा म्हणायला सांगितला. तो म्हणाला, जितनी बार कहिए. भावजींनी तीनदा ऐकला.

पण ग्वाल्हेरकडे जाणारा ट्रकच येईना. जे यायचे ते येऊन गेले होते. दाढीवाल्याला पुढे शिवपुरी गाठायची होती, तरी तो गेला नाही. म्हणाला, निरोप पोचवला तसा निरोप घेणाराही वाटेला लागू दे. शेवटी दुरून एक ट्रक दिसला तेव्हा त्यानं आपला कपाटांचा ट्रक सरळ रस्त्यावर आडवा लावला. येणारा तेंदूपत्त्यानं भरलेला होता आणि केबिनमध्ये आधीच चार माणसं होती. भावजी आणि आतेभाऊ पानांच्या गठ्ठ्यांवर चढले, दोरीला धरून पालथे पडले आणि निघाले.

आमच्याकडे दिवे लागले होते. पेट्रोमॅक्सभोवती किडे जमा झाले होते. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला तेव्हा कोणी उठलं नाही, कारण उठायची हिंमत कोणात नव्हती. मग एक अनोळखी ड्रायव्हर चालत आला आणि त्याच्या बाजूला नवरदेव. कपडे धुळीनं लाल, केसांत पानांचे तुकडे, एका पायात चप्पल नाही.

ते आधी मामांकडे गेले आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाले, “मामा, तुमचा निरोप मिळाला. तिचाही मिळाला.” एवढंच. माफी मागितली नाही आणि वादही घातला नाही.

विहीणबाई उठल्या आणि भावाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. त्या भावाकडे एकटक बघत राहिल्या. वकिलांना साक्षीदारांचे चेहरे वाचायची सवय असते. त्यांनी ताईकडे पाहिलं, भाच्याच्या अनवाणी पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळले. दुपारी ज्या मुलीनं त्यांना भैया म्हटलं होतं तिला म्हणाले, “पोरी, पाणी दे. घसा सुकलाय.” मी तांब्या घेऊन इतकी धावले की निम्मं पाणी वाटेतच सांडलं.

भटजींनाही तेवढंच हवं होतं. पंचांग आता एकदम मऊ पडलं आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरात त्यांना एक बऱ्यापैकी लग्नघटिका सापडली. नवरदेवाला घेऊन आलेला तेंदूपत्तावाला जायला निघाला होता, त्याला थांबवला. माल उतरवून मुरैन्याचा मिशाळही आला होता, नाक्यावर त्याला चैन पडेना म्हणून. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं झाली. ड्रायव्हर लोकांना अक्षता थोड्या थोड्या टाकायच्या असतात हे माहीत नव्हतं. त्यांनी ओंजळी भरभरून टाकल्या. भावजींच्या केसांत पानं होतीच, आता तांदूळही अडकले.

मग कन्यादान. मी करवली, कऱ्हादिवा घेऊन ताईच्या अगदी मागे उभी होते. बाबांनी ताईचा हात हातात घेतला आणि आईनं पाण्याची धार धरली. बाबा खाली वाकलेले होते. भटजी मंत्र म्हणत होते, त्याच्या आडून बाबा हळूच बोलले.

“बेटा, तुला विचारायला पाहिजे होतं मी. आज तू आपणहून सांगितलंस म्हणून कळलं. पहिल्या वेळेसही विचारायला हवं होतं.”

ताईनं मान वर केली नाही, पण मला स्पष्ट ऐकू आलं.

“पहिल्या वेळेस विचारलं असतंत ना बाबा, तर मी नाही म्हणाले असते.”

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं लावलेल्या खिडक्या, आईचं चोरून बघणं, ते जपून बोलणं, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना मला दिसलं. मग डोळ्यांतून पाणी येत असतानाच ते हसायला लागले, आणि इतके हसले की भटजींना मंत्र थांबवावा लागला. आई धार धरून तशीच उभी होती आणि पुन्हा पुन्हा विचारत होती की अहो, झालं तरी काय.